मॉनिटर आधी पाठीमागून बघा

दुकानात मॉनिटर मांडलेले असतात ते भिंतीकडे पाठ करून. समोर पोपट, समुद्र, डाळिंबाचे दाणे असं काहीतरी झगझगीत चाललेलं असतं आणि आपण त्यावर भुलतो. घरी आणल्यावर मात्र रोज ज्याच्याशी झटापट होते ते सगळं मागे आणि खाली असतं: स्टँड, स्क्रूची भोकं, केबलची तोंडं, वायर. घरचे, ऑफिसातले, नातेवाइकांचे मिळून मी बरेच मॉनिटर लावून दिले आहेत. रंग आवडले नाहीत म्हणून कुणी मला परत बोलावल्याचं आठवत नाही. मान दुखते, केबल बसत नाही, आर्म (टेबलाला आवळून मॉनिटर हवेत धरणारा लोखंडी हात) खाली येतो, याची बोलावणी मात्र अजून येतात. त्यामुळे इथे चित्राच्या गुणवत्तेबद्दल काही नाही. मॉनिटर ही वस्तू म्हणून कशी असते, कशी निवडायची आणि टेबलावर कशी बसवायची, एवढंच.

आधी टेप काढा

मॉनिटरचे इंच तिरके मोजतात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. टेबलाला त्याचा काही उपयोग नाही. नेहमीच्या १६:९ आकारात २४ इंची पडदा साधारण ५३ सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच असतो, २७ इंची ६० बाय ३३.५ आणि ३२ इंची ७१ बाय ४०. ३४ इंची लांबट मॉनिटर ऐकायला सगळ्यांत मोठा वाटतो. त्याची रुंदी ८० सेंमी भरते खरी, पण उंची २७ इंचीइतकीच.

खोली जास्त महत्त्वाची. लहान फ्लॅटमध्ये सुतार भिंतीलगत १८ इंची फळी टाकून देतो, म्हणजे ४५ सेंमी. स्टँडचा पाय भिंतीला टेकवला तरी पडद्याचं तोंड भिंतीपासून पंधरा-अठरा सेंमी पुढे येतं. उरलेल्या जागेत कीबोर्ड, आणि त्याच्या लगेच पुढे आपण. अशा टेबलावर २७ इंची म्हणजे पहिल्या रांगेत बसून पाहिलेला सिनेमा. हात सरळ पुढे केल्यावर बोटांची टोकं पडद्याला जेमतेम लागावीत, एवढं अंतर हवं.

तिसरं माप कुणीच घेत नाही. नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखे बसा (परीक्षा असल्यासारखे ताठ नको), समोर सरळ बघा आणि घरातल्या कुणालातरी डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलीची खूण करायला सांगा. टेबलाच्या पृष्ठभागापासून त्या खुणेपर्यंत मोजा. पडद्याची वरची कड या खुणेच्या बरोबरीला किंवा थोडी खाली हवी. माझं माप ४६ सेंमी आलं, आईचं ३९. उंची न बदलणाऱ्या स्टँडवर २७ इंचीची वरची कड टेबलापासून साधारण ४५ सेंमीवर येते. मला तो तसाच्या तसा चालतो. आईला तोच मॉनिटर माळ्यावर ठेवलेला डबा बघावा तसा बघावा लागतो.

म्हणून दुकानात ‘स्टँड किती वर जातो’ हे विचारू नका, किती खाली येतो ते विचारा. वर न्यायला जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यासुद्धा चालतात. खाली आणायला घरात काही सापडत नाही. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर हे आणखी जाणवतं, कारण जवळचं बघायला काचेचा खालचा भाग वापरायचा आणि त्यासाठी हनुवटी वर करायची. दिवसभर हनुवटी वर ठेवून संध्याकाळी मान धरली तर नवल नाही.

स्टँड: हलवून बघा

स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त पुढे-मागे कलतो. चांगला चार गोष्टी करतो: कलतो, वर-खाली होतो, डावीउजवीकडे वळतो आणि पडदा उभा करू देतो. यांतली वर-खाली होण्याची सोय असेल तर बाकीच्यांवर मी पाणी सोडेन. नसेल तर थोडे पैसे वाचतात आणि पुढची पाच-सात वर्षं पुस्तकांच्या गठ्ठ्यावर जातात.

वर-खाली होणाऱ्या स्टँडच्या खांबात पट्टीची स्प्रिंग असते. पडद्याचं वजन तिने तोलून धरलेलं असतं, म्हणून एका हाताने ढकलला तरी तो जिथल्या तिथे थांबतो. पडदा काढला की स्प्रिंगवरचं ओझं जातं आणि खांब खाली दाबलेला असेल तर तो झटक्याने वर उसळतो. पडदा सोडवण्यापूर्वी स्टँड पूर्ण वर घ्या, मगच बटण दाबा. मॉनिटरवर वाकून हे काम करणाऱ्याच्या हनुवटीचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

पायाचा आकारही बघा. दोन बाजूंना फाकलेले पाय दिसायला डौलदार असतात, पण ते पुढे येतात आणि कीबोर्ड मागे सरकू देत नाहीत. चौकोनी सपाट पाटाचं तसं नाही; त्याच्यावर पेन, चष्मा, चहाचा कपही राहतो. शेवटी पडद्याच्या वरच्या कोपऱ्याला बोटाने हलकी टिचकी मारा. दोन-तीन हेलकाव्यांत थांबला तर ठीक. डोलतच राहिला, तर घरी टाइप करताना प्रत्येक ओळीला डोलेल.

स्टँडला किती किंमत असू शकते हे ॲपलने २०१९ मध्ये दाखवून दिलं. त्यांच्या प्रो डिस्प्ले एक्सडीआर या मॉनिटरचा स्टँड वेगळा घ्यायचा होता, ९९९ डॉलरला. लोक भरपूर हसले. मीही हसलो, पण त्या निमित्ताने स्टँड ही वेगळी, विचार करून घ्यायची वस्तू आहे हे पुष्कळांच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

पाठीवरची चार भोकं

मॉनिटर फिरवा. पाठीच्या मध्यावर, कधी स्टँड लागतो त्याच जागी, चौकोनात चार भोकं दिसायला हवीत. व्हेसा या संस्थेने ठरवलेलं हे माप आहे: १०० बाय १०० मिमी किंवा लहान मॉनिटरला ७५ बाय ७५, स्क्रू एम४, म्हणजे ४ मिमी जाडीचे. मॉनिटर कोणत्याही कंपनीचा आणि आर्म कोणत्याही कंपनीचा असला तरी या मापामुळे जुळतो. ७५च्या मापासाठी वजनाची मर्यादा ८ किलो आहे, १००साठी १४. भोकंच नसतील तर तो मॉनिटर जन्मभर स्वतःच्या स्टँडवर राहणार हे समजून घ्या.

भोकं आहेत म्हणजे जमलं असंही नाही, आणि हे मी माझ्या खिशातून शिकलो. माझ्या २७ इंचीची चारही भोकं एका चौकोनी खड्ड्याच्या तळाशी होती. खड्डा सुमारे २ सेंमी खोल आणि रुंदीला आर्मच्या पाटीपेक्षा केसभर लहान. पाटी आत बसेना, काठावर टेकवली तर आर्मबरोबर आलेला १० मिमीचा स्क्रू तळापर्यंत पोहोचेना. विकणाऱ्याने फोनवर ‘सगळ्यांना बसतो’ एवढंच सांगितलं. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून २० मिमीच्या नळ्या आणि लांब स्क्रू आणले, सगळे मिळून एका वडापावच्या किमतीत.

असा प्रसंग आला तर स्क्रूची लांबी अंदाजाने घेऊ नका. भोकात दात कोरायची काडी अलगद टेकेपर्यंत घाला, तोंडाशी नखाने खूण करा, काढून मोजा. समजा ८ मिमी आली. पाटीची जाडी ३, नळी २०. तिन्हींची बेरीज ३१. याहून लांब स्क्रू तळाला टेकेल आणि जोर लावलात तर आतल्या भागांवर चढेल. ३० मिमीचा घेतला तर ७ मिमी आटे धरतात आणि १ मिमी मोकळा राहतो, झकास. एम४च्या आट्यांमधलं अंतर ०.७ मिमी असतं, म्हणजे सहा पूर्ण फेरे बसले की ४ मिमीच्या वर पकड आली. सहा फेऱ्यांच्या आतच स्क्रू घट्ट झाला तर थांबा. डोकं पाटीला टेकलं असेल तर तो आखूड आहे, नसेल तर बहुधा तिरका चढलाय.

आत काय आहे, आणि अंगठा का लावायचा नाही

मॉनिटर उचलताना दहातले आठ जण दोन्ही बाजूंनी धरतात आणि अंगठे पडद्यावर रोवतात. ते का नको हे कळायला आतली रचना डोळ्यांसमोर आणावी लागते.

सगळ्यांत मागे पत्र्याचं ताट. त्यात पांढरा परावर्तक कागद, त्यावर ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी. बहुतेक साध्या मॉनिटरमध्ये पांढऱ्या एलईडींची एक पट्टी या पाटीच्या एकाच कडेला, बहुधा खालच्या, लावलेली असते. कडेतून शिरलेला प्रकाश सगळ्या पाटीभर सारखा बाहेर पडावा म्हणून तिच्यावर बारीक ठिपके असतात, एलईडींजवळ विरळ आणि दूर जाल तसे दाट. त्यावर प्रकाश पसरवणारे आणि तो समोर वळवणारे प्लास्टिकचे तलम पडदे. मग ध्रुवक (एकाच दिशेच्या प्रकाशलहरी पुढे जाऊ देणारा) पापुद्रा, मग काच, मग द्रवस्फटिक, मग रंगांच्या गाळण्या असलेली दुसरी काच, वर दुसरा ध्रुवक. त्या शेवटच्या पापुद्र्यावरच चकाकी कमी करणारा खरबरीत थर असतो. आपलं बोट लागतं ते काचेला नाही, या प्लास्टिकला.

दोन काचांमधली फट ३ ते ५ मायक्रोमीटर. आपला केस त्याच्या दहा-वीस पट जाड. अंगठा दाबला की ती फट दबते, भोवती रंगांची वलयं दिसतात, आणि फार दाबलं तर डाग कायमचा राहतो.

याहून नाजूक जागा कडेला आहे. काचेच्या एका काठाला, बहुतेकदा खालच्या, तांबूस रंगाच्या फिल्मचे तुकडे उष्णतेने दाबून चिकटवलेले असतात. प्रत्येकावर एक चिप असते आणि ती पडद्याच्या काही शे उभ्या रांगांना हुकूम देते. हे तुकडे वळवून मागच्या सर्किटला जोडतात. मॉनिटरची हनुवटी बाकीच्या कडांपेक्षा जाड असते ती यांना पोटात घ्यायला. एक तुकडा सुटला की पडद्यावर वरपासून खालपर्यंत उभी पट्टी मरते, आणि गल्लीतला दुरुस्तीवाला बहुतेक वेळा ‘पॅनलच बदला’ म्हणतो. नव्या पॅनलची किंमत ऐकून माणूस नवा मॉनिटरच घेतो.

पूर्वी समोरून प्लास्टिकची बोटभर चौकट यायची. दिसायला गावठी, पण कडेला संरक्षण होतं. आता जाहिरातीत तीन बाजूंनी कड नसते. कड तशी असतेच. मॉनिटर चालू केला की काचेखालची पाचसात मिमी काळी पट्टी दिसते. गेली ती पकडायची जागा.

तेव्हा उचलायचं असं: खोका जमिनीवर आडवा, थर्माकोलच्या खाचेत पडदा असतानाच पाठीवर स्टँडचा खांब बसवायचा, मग एक हात खांबाला आणि दुसरा खालच्या कडेच्या मागच्या बाजूला. पडदा पालथा ठेवायचाच असेल तर गादीवर नाही. गादी मध्ये दबते. सपाट टेबलावर चादरीची घडी करून ठेवा, आणि घडीत अंगठी, सेफ्टी पिन, पेन नाही ना ते हात फिरवून बघा. खोका आणि थर्माकोल माळ्यावर टाका. पुढच्या भाड्याच्या घरी जाताना टेंपोवाल्याच्या गोधडीवर विसंबायची वेळ येत नाही.

आर्म लावायचा असेल तर

आधी वजन. माहितीपत्रकात दोन आकडे असतात, स्टँडसह आणि स्टँडविना. दुसरा घ्या. २७ इंचीचा तो साधारण चार-पाच किलो असतो. आर्म पेलतो त्या वजनाला वरची मर्यादा असते तशी खालचीही असते. तीन किलोचा मॉनिटर ताकदवान आर्मला लावला तर तो खाली येतच नाही, सारखा छताकडे निघतो.

मग टेबल. फळी खरी प्लायची असेल तर चिंता नाही. तयार टेबलं बहुतेक भुशाच्या बोर्डाची असतात, वर सनमायका. क्लॅम्पच्या (आर्मला टेबलाच्या काठाला आवळून धरणाऱ्या पकडीच्या) गोल चकतीचा सगळा भार तीन-चार सेंमीच्या वर्तुळात येतो आणि बोर्ड आत दबायला लागतो. वर आणि खाली पोस्टकार्डाएवढा पत्रा किंवा चांगल्या लाकडाचा तुकडा द्या. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावूच नका. सुतारकामाच्या टेबलाला मागच्या काठाखाली आडवी पट्टी ठोकलेली असते. क्लॅम्प तिथे शिरणार नाही, ते आधीच वाकून बघा.

आणखी एक फसवणूक. आर्ममुळे जागा वाचते म्हणून लोक तो १८ इंची टेबलाला लावतात. आर्मला कोपर असतं. पडदा मागे ढकलला की कोपर कुठेतरी जाणार: मागे भिंत असेल तर बाजूला, बाजूला कपाट असेल तर कुठेच नाही. भिंतीलगतच्या अरुंद फळीला भिंतीवरचा सपाट माउंट बरा.

काम या क्रमाने: क्लॅम्प घट्ट करा, आर्मचे भाग चढवा, पण स्प्रिंगचा आर्म मोकळा सोडू नका, रिकामा असताना तो वरच्याच स्थितीत राहू द्या. पाटी पडद्याला खाली टेबलावरच जोडा, चारही स्क्रू आधी हाताने, मग तिरक्या जोड्यांनी आवळा. दुसऱ्या माणसाला पडदा धरायला सांगून पाटी आर्मवर चढवा. त्याने हात सोडण्याआधी आर्म टेबलाला समांतर येईल एवढ्या उंचीवर पडदा आणा आणि अॅलन कीने (षटकोनी टोकाच्या चावीने) स्प्रिंगचा ताण जुळवा. खाली घसरत असेल तर ताण वाढवायचा, वर जात असेल तर कमी. बहुतेक आर्मवर अधिक-उण्याची खूण असते. दहा-बारा फेऱ्यांत काहीच फरक पडला नाही तरी फिरवत राहा, ती स्प्रिंग सावकाश ऐकते.

केबल आणि वीज

पुष्कळ मॉनिटरची पोर्टं खाली तोंड करून असतात. मागून दिसायला सुबक, पण लावताना टेबलाखाली आरसा धरावा लागतो. पडदा उभा करता येत असेल तर आधी तो नव्वद अंश फिरवा. पोर्टं बाजूला येतात, डोळ्यांनी बघून केबल लावा आणि परत आडवा करा. डिस्प्लेपोर्टच्या केबलला बहुधा एक खटका असतो. तो दाबल्याशिवाय ओढलीत तर केबलऐवजी सॉकेट निघतं. आर्मवर केबलला ढील ठेवा आणि पडदा सगळ्या टोकांना नेऊन बघा, मगच पट्ट्या बांधा.

वीजपुरवठा आत असेल तर मागे सीपीयूला लागते तीच जाडी वायर लागते, कुठेही मिळते. बाहेरचा अडॅप्टर असेल तर मॉनिटर बारीक होतो, पण अडॅप्टर हरवला की तोच व्होल्ट, तेवढाच किंवा जास्त अँपिअर आणि तीच पिन शोधत फिरा. मी पर्याय असेल तर पहिला घेतो. मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असलं की अमेरिकेतून भावाने आणलेला मॉनिटरही इथे चालतो. वायर फक्त इथली तीन पिनांची घ्या. जुन्या घरात अर्थिंग नसेल तर मॉनिटरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. तो मॉनिटरचा दोष नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पुसणं, आणि पावसाळ्यातले पाहुणे

पडदा खिडकीकडे तोंड किंवा पाठ करून नको, खिडकी बाजूला हवी. पुसायला मायक्रोफायबरचं कोरडं कापड. डाग असेल तर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी कापडावर, पडद्यावर नाही. फवारलेलं पाणी ओघळून खालच्या कडेत शिरतं, आणि तिथे ते तांबूस तुकडे बसलेले आहेत. काच पुसायची निळी औषधं आणि स्पिरिट वरच्या थराला पांढुरकं करतात.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बारीक चिलटं दिव्याला येतात. मॉनिटर हाही त्यांना दिवाच, आणि एखादं कडेच्या फटीतून थेट थरांच्या मध्ये शिरतं. पडद्यावर चालणारा ठिपका दिसतो आणि आपला हात आपोआप चिरडायला जातो. तिथेच थांबा. आत मेलं की ते तिथेच चिकटतं, बाहेर काढायला सगळा पडदा उघडावा लागतो. मॉनिटर बंद करा, खोलीतला दिवा मालवा, पडद्याच्या कडेपासून थोड्या अंतरावर टेबललँप लावून ठेवा. बहुतेक वेळा ते उजेडाकडे निघून जातं, कधी तासाभरात, कधी सकाळपर्यंत.

माझ्या जुन्या २४ इंचीवर उजव्या बाजूला, घड्याळाच्या जरा वर, असा एक ठिपका कायमचा आहे. मी बोट लावलं होतं.